नवदीपचे गुडघे

९ जानेवारी

कोचने आज मैदानावर सगळ्या पोरांसमोर नवदीपला सावधानमध्ये उभं केलं आणि हातातल्या शिट्टीने त्याचे गुडघे दाखवत म्हणाला, "हे बघा. असे असले की भरतीचा डॉक्टर नावसुद्धा विचारत नाही. सरळ घरी." पोरं हसली. मी बँकेतली गार्डची ड्यूटी संपवून त्याला न्यायला गेलो होतो, कडेला मोटरसायकलवर बसलो होतो. मला ऐकू यावं म्हणूनच तो मोठ्याने बोलला असणार. आमच्या बिशनपुऱ्यात मला न ओळखणारा माणूस नाही.

गुडघे चिकटतात. पाय जुळवून उभा राहिला की गुडघे एकमेकांना टेकतात आणि खाली घोट्यांच्या मधे चार बोटं जागा उरते. दोन बोटं असती तर चाललं असतं. सतरा वर्षांचा घोडा झाला आणि बापाच्या हे लक्षात येऊ नये? धावताना कळत नाही, हेही खरं. धावताना तो बाकीच्यांच्या इतका पुढे असतो की मागच्यांना त्याची पाठच दिसते. पण भरतीचा डॉक्टर उभं करून बघतो.

मे महिन्यात भरती आहे. माझे वडील फौजेत, मी फौजेत, नायब सुभेदार होऊन रिटायर झालो. आमच्या झुंझुनूकडे ज्या घरात वर्दी नाही त्या घरी सोयरीक बघायला आलेले लोक चहा पितात आणि दुसऱ्या गावाची वाट विचारतात. आणि मला एकच मुलगा.

बिमलाला सांगितलं तर चुलीवरून मान वर न करता म्हणाली, "गुडघे लहानपणापासून तसेच आहेत त्याचे. माझ्या वडिलांचे तसेच होते." म्हणजे माहेरून आलेत. मला वाटलंच.

१२ जानेवारी

झुंझुनूला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने एक्स-रे काढला आणि फिजिओथेरपीला पाठवून दिलं. कुल्हरी मॅडम, मोनिका कुल्हरी. सीकरकडची, तिशीच्या आतली, पायात धावायचे बूट. तिच्याकडे सगळी या वयाचीच पोरं येतात. एक व्हॉलीबॉलवाली मुलगी मऊ गादीवर एका पायावर उभी राहत होती आणि पडली की स्वतःच हसत होती. एक कबड्डीवाला भिंतीला बांधलेलं रबर ओढत होता. दवाखाना कमी आणि शाळेची मधली सुट्टी जास्त.

मला अंकल म्हणाली. बँकेचा मॅनेजरसुद्धा सुभेदारसाब म्हणतो.

एक्स-रे खिडकीला धरून म्हणाली, "अंकल, मुलं वाढत असतात तोवर हाडाच्या टोकाला इथे एक रेघ दिसते. याची रेघ मिटत आलीय. उंची झाली, वाढ झाली. आता व्यायामाने स्नायू घट्ट होतील, धावताना दुखतं ते थांबेल. हाड सरळ होणार नाही."

"धावताना दुखतं?" मी विचारलं.

"गुडघा आतून दुखतो त्याचा. वर्षभर झालं म्हणतोय. तुम्हाला सांगितलं नाही?"

नाही सांगितलं. सांगू नयेच. मनातून मला बरं वाटलं. निदान तेवढं तरी माझं घेतलंय त्याने.

ऑपरेशनचं विचारलं. हाड कापून सरळ करतात म्हणाली, पण तो व्रण आणि आतली धातूची पट्टी बघून भरतीवाले घेतील का ते तुम्हीच चौकशी करा. चौकशी कसली, मला माहीत आहे. नाही घेत.

"पण अंकल, एवढं धावणाऱ्या पोराच्या पायात बिघाड तरी कुठे आहे?"

"सावधानमध्ये आहे," मी म्हणालो. ती हसली नाही. नवदीपही हसला नाही.

२४ जानेवारी

रोज सकाळी गच्चीवर व्यायाम चालू आहे. गुडघ्यांवर रबर अडकवून खेकड्यासारखं आडवं चालायचं. उताणं झोपून कंबर उचलायची. आरशासमोर एका पायावर बसायचं आणि गुडघा आत वळू द्यायचा नाही. बिमलाने माहेरून आलेला आरसा दिलाय त्यासाठी, ज्याला मी हात लावला तरी ती ओरडते.

मॅडम म्हणाली, फार छान करतोय, दुखणं निम्म्यावर आलं. मी खिशातून हात काढून बोटांनी मोजलं. चार बोटं होती, चारच आहेत.

वर ती मला शिकवायला लागली. सीकरच्या मैदानावर तिच्या ओळखीचे एक प्रशिक्षक आहेत, त्यांनी नवदीपचा धावतानाचा व्हिडिओ बघितलाय, पोरगं पाठवा म्हणतायत. राज्याच्या स्पर्धा, मग खेळाडूंच्या जागेवर कॉलेज, पुढे रेल्वेत वगैरे नोकरी.

मी म्हटलं, "मॅडम, रेल्वेतल्या माणसाची वरात आमच्या गावात कोणी बघायला बाहेर येत नाही."

"नवदीपला विचारा ना एकदा."

विचारलं. तिथल्या तिथे विचारलं, माझ्यावर नंतर बोल नको. नवदीप बुटाची नाडी बांधत होता ती बांधतच राहिला. म्हणाला, "पापा म्हणतील ते."

"बघा," मी म्हणालो.

२ फेब्रुवारी

आज सुचलं. एवढे दिवस का सुचलं नाही कोण जाणे.

कुंपणाजवळ मागच्या वर्षी लावलेलं लिंबाचं रोप वाऱ्याने एका अंगाला गेलं होतं. मी त्याला बांबू लावून तीन ठिकाणी बांधलं होतं. आता सरळ आहे. हाड हे काही लिंबापेक्षा वेगळं आहे का? गावातली पोरं गुडघ्यात उशी धरून घोटे बांधून झोपतात. त्याने काय होणार, झोपेत उशी उडून जाते. बाहेरच्या बाजूने कडक काहीतरी हवं, ज्याच्याकडे गुडघा ओढला जाईल.

गोपी सुताराकडून शिसवीच्या दोन फळ्या करून घेतल्या. मांडीपासून घोट्यापर्यंत. गोपी म्हणाला, "कोणाचा पाय मोडला, सुभेदारसाब?" मी म्हटलं, मोडायचा नाही, घडवायचा आहे. पट्टे माझ्या जुन्या होल्डॉलचे काढले, कॅनव्हासचे. असे पट्टे आता मिळत नाहीत.

३ फेब्रुवारी

पहिली रात्र झाली. फळी पायाच्या बाहेरून लावायची, एक पट्टा मांडीला, एक गुडघ्याच्या जरा खाली, एक घोट्याला. मधला सगळ्यात घट्ट, कारण काम त्याचंच. गाठ मी मारली. नवदीप म्हणाला, "पापा, बाजूला हाडावर रुततंय."

मी म्हटलं, "रुततंय म्हणजे सरळ होतंय. आम्ही पाठीवर ओझं घेऊन बर्फात चालायचो तेव्हा काय गुदगुल्या व्हायच्या?"

सकाळी बिमलाने गाठी सोडल्या. गुडघ्याखाली लाल वळ होता. मोहरीचं तेल चोळलं, तासाभरात गेला.

११ फेब्रुवारी

रात्री उठलो तर बिमला पोराच्या खाटेशी बसलेली. मधला पट्टा ढिला करून त्याची पिंढरी चोळत होती. तिला आत पाठवलं आणि पट्टा परत आवळून गाठ मारली, आधीपेक्षा घट्ट. पोरगा जागाच होता. डोळे मिटून पडला होता, पण जागा होता हे बापाला कळतं.

सकाळी बिमला म्हणाली, "नवदीपचे पापा, त्याच्या पायाला मुंग्या येतात. नखाशी, वरच्या बाजूला."

"रक्त फिरतंय," मी म्हटलं. "मुंग्या कधी येतात? पाय जागा होतो तेव्हा."

"मॅडमना एकदा दाखवू."

मॅडमकडे जाणं मी बंद केलंय. हाड सरळ होणारच नाही असं जिने पहिल्या दिवशी सांगितलं तिच्याकडे कशाला जायचं? तिचा फोन आला होता दोनदा. शेतात काम आहे म्हणून सांगितलं.

५ मार्च

आज मन भरून आलं. लिहितो.

महिना झाला, रोज रात्री पट्टे बांधताना पोरगं दात दाबून पडायचं. मी बघायचो आणि बघत नाही असं दाखवायचो. काल रात्री पट्टा आवळला आणि त्याने तोंडही वाकडं केलं नाही. मी म्हटलं, "दुखत नाही?"

"नाही पापा. आता काहीच दुखत नाही. उजवा तर बिलकूल नाही."

"मुंग्या?"

"त्याही थांबल्या."

जिंकलो. हाड वळलं की दुखायचं थांबतं, हे त्या मॅडमच्या कॉलेजात शिकवत नसतील. बोटं घालून बघितली, मला तरी साडेतीन वाटली. नवदीप म्हणाला, "झाले का सरळ, पापा?" मी म्हटलं, होतायत. त्याचा चेहरा असा खुलला, की दहावीच्या निकालाला खुलला नव्हता. सकाळी झुंझुनूहून बेसनाचे लाडू आणले, बँकेत वाटले. मॅनेजर म्हणाला, पोरगा भरती झाला का? मी म्हटलं, झाल्यातच जमा.

बिमलाने लाडू खाल्ला नाही. तिला उपास कधी असतो ते मला कळत नाही.

१२ मार्च

होळी तोंडावर आली, चौकात रोज रात्री गींदड चालू आहे. नगारा मधे, पोरं हातात टिपऱ्या घेऊन गोल फिरतात. नवदीप चांगला खेळतो, जयवीरची आणि त्याची जोडी लहानपणापासूनची. तिसऱ्या फेरीला तो पडला. उठला, पुन्हा पडला. लोक म्हणाले, सुभेदारसाबच्या पोराने घेतलीय वाटतं थोडी. मीही हसलो.

घरी येताना त्याच्या उजव्या पायातली चप्पल निघून मागे राहिली आणि त्याला ते कळलंच नाही. अनवाणी चालत राहिला. पाऊल जमिनीवर फट् फट् आपटत होतं.

अंगणात दिव्याखाली खुर्चीवर बसवलं. म्हटलं, पाऊल वर उचल. टाच जमिनीवर ठेव आणि बोटं आपल्याकडे खेच. डाव्याने खेचली. उजव्याने काहीच झालं नाही. तो पायाकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे.

"मी उचलतोय पापा," तो म्हणाला. "उचलतोय."

१३ मार्च

सकाळीच कुल्हरी मॅडमकडे गेलो. वाटेत मी पोराला काही शिकवलं नव्हतं. एवढंच म्हणालो होतो की घरातली गोष्ट घरात राहिलेली बरी, आणि बाईमाणसाला सगळ्याचं उलटंच दिसतं.

तिने कापूस फिरवला, टाचणी फिरवली. पावलाच्या वर, पिंढरीच्या बाहेरच्या बाजूला, त्याला काहीच कळत नव्हतं. गुडघ्याच्या बाहेर खाली एक हाडाचा गोळा असतो, त्याच्या मागे तिने बोट ठेवलं. "पाऊल उचलणारी नस इथून जाते, अगदी कातडीखालून. इथे कशाचा तरी दाब आलाय. हे किती दिवस आहे? इथे काही बांधलं होतं का?"

नवदीप म्हणाला, "खाटेच्या लाकडावर पाय टाकून झोपलो होतो, मॅडम. परवा. गाढ झोप लागली."

"एकच रात्र?"

"एकच."

तिने माझ्याकडे बघितलं. "अंकल, हे नीट सांगणं गरजेचं आहे. एका रात्रीचा दाब असेल तर नस बहुतेक आपोआप जागी होते, काही आठवडे थांबता येतं. जास्त दिवसांचा असेल तर थांबायचं नसतं, लगेच जयपूरला पाठवावं लागतं."

मी पोराकडे बघितलं. त्याचे डोळे माझ्यावर होते. म्हणालो, "तो म्हणतोय ते बरोबर असेल. मी रात्री बघायला जात नाही."

मग तिने सांगितलं की दुखायचं थांबणं हे अशा वेळी वाईट लक्षण असतं. नस झोपते तेव्हा दुखत नाही. हे तिने असंच, माहिती म्हणून सांगितलं. लाडवांचं तिला काय माहीत.

पायात घालायला प्लॅस्टिकचा साचा दिला, पाऊल खाली लोंबू नये म्हणून. रोज विजेचे हलके झटके द्यायला बोलावलं.

संध्याकाळी घरी आलो तर बिमला चुलीपाशी होती. दोन्ही फळ्या कुऱ्हाडीने चिरून चुलीत घातल्या होत्या. शिसव चांगली जळते. त्यावर तिने बाजरीच्या भाकरी भाजल्या आणि माझ्यापुढे ताट ठेवलं. मी खाल्ल्या.

२ एप्रिल

रोज नेतो. मॅडम मशिनचं टोक नसेवर ठेवते तेव्हा पाऊल आपोआप वर उडी मारतं. मशिन काढलं की पडतं. व्हॉलीबॉलवाली मुलगी बरी होऊन गेली. तिच्या जागी आता एक नृत्य करणारी येते, तीही बरी होऊन जाईल.

गावात सांगितलंय, दौडताना नस दबली. सगळे हळहळतात. कोच घरी येऊन बसला, म्हणाला, असा पोरगा माझ्या हाताखाली झाला नाही. तेव्हा गुडघे दाखवून हसवत होता, आज घरी येऊन डोळे पुसतो. मी त्याला चहा दिला आणि मनात शिव्या दिल्या.

एकदा वाटलं, मॅडमला एकटीला गाठून सांगावं. दवाखान्याच्या पायऱ्या चढलोही. मग वाटलं, तीन आठवडे होत आले, आज सांगितलं तर म्हणेल इतके दिवस कुठे होतात. परत उतरलो. नस आपोआप जागी होते असं तीच म्हणाली होती. होईल जागी.

बिमला माझ्याशी कामापुरतं बोलते. मीठ आणा. गॅस संपलाय.

१९ एप्रिल

सांगितलं एकदाचं.

मॅडमने आज मशिन बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "नवदीप, आता स्वतः. सगळं लक्ष पावलावर." तो टेबलावर पाय लांब करून बसला. कपाळावरच्या शिरा फुगल्या, हात टेबलाच्या कडेला घट्ट धरलेले, नाकाच्या शेंड्यावर घाम. मी रंगरूटांना पंधरा वर्षं शिकवलंय. इतक्या मनापासून हुकूम पाळायला निघालेला रंगरूट मी बघितला नाही. पाऊल तसंच पडून राहिलं.

मॅडमने त्याच्या पाठीवर थोपटलं. मला म्हणाली, "मला समजत नाहीये, अंकल. एका रात्रीच्या दाबाची नस एवढ्यात थोडी तरी हलायला हवी. आणखी तीन आठवडे वाट बघू या." आणि तिने नवदीपला पुन्हा विचारलं, "खाटेचं लाकूडच होतं ना? एकच रात्र?"

"एकच रात्र, मॅडम."

"एक रात्र नाही," मी म्हणालो. माझाच आवाज मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. "महिन्याच्या वर. फळ्या बांधत होतो, गुडघे सुटावेत म्हणून. मी बांधत होतो."

नवदीप लगेच म्हणाला, "पापांचं काही ऐकू नका. मीच बांधायचो. ते झोपल्यावर."

आम्ही दोघं तिच्यासमोर भांडलो. मी म्हणे मी बांधलं, तो म्हणे मी. पलटणीत आम्हाला एकच गोष्ट रक्तात भिनवली होती, सोबत्याचं नाव घ्यायचं नाही. त्याला ती मी कधी शिकवली मला आठवत नाही. शिकला मात्र पक्की.

"किती घट्ट?" मॅडमने विचारलं. मला विचारलं.

"गाठ मी मारायचो," मी म्हटलं. "सुटत नसे."

मी बोलणी खायला पाय जुळवून उभा होतो. साहेबासमोर राहतात तसा. तिने बोलणी दिली नाहीत. फोन उचलून जयपूरच्या नसांच्या डॉक्टरकडे जवळात जवळची तारीख मागितली. फोन ठेवून एवढंच म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, अंकल." आणि बाहेर जाऊन पुढच्या पोराला हाक मारली.

परतताना नवदीप मागे बसला होता. त्याचं पाऊल मोटरसायकलच्या पाय ठेवायच्या खुंटीवरून सारखं घसरत होतं, तो हाताने उचलून परत ठेवत होता. गाव जवळ आल्यावर म्हणाला, "सांगायला नको होतं तुम्ही. मला वाटत होतं, पाय येईल परत. मग कोणालाच कळलं नसतं."



२६ एप्रिल

जयपूर. बिमलाही आली. पिंढरीत सुया टोचून तपासणी केली, पडद्यावर रेघा दिसत होत्या. डाव्या पायाच्या रेघा उड्या मारत होत्या, उजव्याची जवळजवळ आडवी.

डॉक्टर माझ्याच वयाचा. नस मोकळी करायचं ऑपरेशन करू म्हणाला, पण फार आशा ठेवू नका. वर्ष-दोन वर्षांत साच्याशिवाय चालायला लागला तर चांगलंच. धावण्याचं विचारू नका.

बिमलाने डोक्यावरची ओढणी पुढे घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा एका परक्या पुरुषाला सरळ प्रश्न विचारला. "आणि डाक्टरसाब, पाऊल पडलं त्या आठवड्यातच आणलं असतं तर?"

"तर गोष्ट वेगळी होती," तो म्हणाला. "अशा पोरांच्या नसा चिवट असतात. वेळेत आणली तर पुष्कळ धावतात परत."

तिने मान हलवली. बसमध्ये ती आणि नवदीप एका सीटवर बसले, मी मागे. रींगसला बस थांबली तेव्हा ती उतरून पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन आली. दोनच.

बांधलं ती एक गोष्ट. ते मी अडाणीपणाने केलं म्हणून सोडूनही देता येईल. पण तेरा मार्चला मॅडमने मला समोर बसवून विचारलं होतं आणि मी पोराकडे बघितलं होतं. त्याने माझी अब्रू वाचवली आणि मी वाचवू दिली. बापाची अब्रू आणि पोराचा पाय तराजूत घातले आणि मी पाच आठवडे रोज सकाळी पारडं बघत बसलो. हे बिमलाला कळलंय. म्हणून ती भांडत नाही.

३० मे

ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. पाऊल तसंच आहे.

आज जयवीर भरतीच्या डॉक्टरकडून पास होऊन आला. गावच्या वेशीपासून ट्रॅक्टरवर उभा करून आणला, गळ्यात हारांचा ढीग, पुढे डीजे. मला जायचं नव्हतं. नवदीप म्हणाला, "पापा, माझा दोस्त आहे," आणि साचा घालून, वर बूट घालून तयार झाला. मग मीही निघालो.

जयवीरने ट्रॅक्टरवरून उडी मारून त्याला मिठी मारली आणि आपल्या गळ्यातला एक हार त्याच्या गळ्यात घातला. नवदीप नाचलाही. एका जागी उभा राहून, नुसत्या हातांनी. मी तोंड फिरवलं.

तेवढ्यात महिपाल शेजारी येऊन उभा राहिला. महिपाल आमच्या गल्लीतला, फौजेत ड्रायव्हर होता. त्याचा सचिन सोळाचा झाला, पुढच्या वर्षी भरतीला जाईल. त्याचे गुडघेही चिकटतात, हे मी कधीच बघून ठेवलंय. आता मी सगळ्या पोरांचे गुडघे बघतो.

"वाईट झालं तुमच्या नवदीपचं, सुभेदारसाब," तो म्हणाला. "दौडतानाच दबली ना नस?"

हो म्हणणार होतो. इतक्यांना म्हटलंय, जीभ वळलेली आहे. पण ट्रॅक्टरच्या पलीकडे सचिन उभा होता, पाय जुळवून, आणि मला राहवलं नाही. महिपालला डीजेच्या मागे ओढून नेलं आणि सगळं सांगितलं. फळ्या, पट्टे, मधली गाठ. दुखायचं थांबलं तेव्हा लाडू वाटले ते. मॅडमशी खोटं बोललो ते. जयपूर. आयुष्यात कोणासमोर इतकं उघडं पडलो नव्हतो. नवदीपही येऊन बाजूला उभा राहिला होता. या वेळी त्याने मला अडवलं नाही.

महिपालने कान जवळ आणून सगळं नीट ऐकलं. मग विचारलं, "आणि गुडघे? सुटले?"

"नाही, काका," नवदीपने सांगितलं. "चार बोटं होती, चारच आहेत."

नवदीपच्या पायाकडे महिपालने एकदा बघितलं, मग ट्रॅक्टरवरच्या जयवीरकडे बघितलं, मग आपल्या सचिनकडे.

"महिनाभरच बांधलं ना तुम्ही," तो म्हणाला. "आणि पट्टा गुडघ्याच्या खाली आला, तिथेच चुकलं. वर घ्यायला हवा होता." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेने म्हणाला, "तुम्हाला आता अनुभव आहे, सुभेदारसाब. उद्या सकाळी घरी या चहाला, आणि आमच्या सचिनला नेमकं कुठे बांधायचं ते एकदा दाखवून जा."